पाव लेक्चरची गोष्ट

कॉलेजच्या मॅगझिनमध्ये मराठी विभागात लिहायचं म्हटलं की पाऊस, पहिलं प्रेम, आई आणि मेसची भाजी एवढेच विषय असतात असा एक समज आहे. मी पडले कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी म्हणजे आठवड्याचे मोजके तास, तेही बहुतेक पी.टी.च्या आधीचे... त्यामुळे पावसावर लिहिणं आपल्याला झेपणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून मी लिहिणार आहे डेटाबेसवर. त्यातही एका अगदी बारक्या गोष्टीवर. क्वेरीमध्ये डेसिमल आकड्याचा इंटिजर करणं, बस्स एवढ्यावर! पण लगेच पान उलटू नका. ही बारकी गोष्ट तुमच्या अटेंडन्सपर्यंत येऊन पोचते.

शाळेत आम्हाला ‘राउंडिंग ऑफ’ शिकवलं ते एका ओळीत. पॉइंटच्या पुढे पाच किंवा जास्त असेल तर वर जा, चार किंवा कमी असेल तर खाली या. संपलं. सूर्य पूर्वेला उगवतो तसाच हा नियम जगात सगळीकडे सारखा, असं मी दहावी काय, बारावीपर्यंत धरून चालले होते. आणि त्यात माझं काही अडलंही नाही.

मग आलं डीबीएमसचं प्रॅक्टिकल. आमच्या बॅचमध्ये कोणाच्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल, कोणाच्या पोस्टग्रेस, आणि लॅबच्या पीसीवर मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर. प्रयोगात एक साधी ओळ होती. १२.७ हा आकडा ‘कास्ट’ वापरून इंटिजर करा आणि आउटपुट लिहा. लॅबच्या पीसीवर उत्तर आलं १२. माझ्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल, तिथे ‘इंट’च्या जागी ‘साइन्ड’ लिहावं लागतं एवढाच फरक, उत्तर आलं १३. शेजारणीच्या पोस्टग्रेसवर १३. मागच्या बाकावरच्या एकानं हौसेनं एसक्यूलाइट टाकलं होतं, त्याचं १२. लॅबमध्ये नुसता गोंधळ. जो तो आपलंच बरोबर म्हणतोय. आमच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, “सगळ्यांचंच बरोबर आहे. जर्नलमध्ये उत्तराशेजारी डेटाबेसचं नाव लिहा.”

खरं सांगते, मला ते पटायला दोन दिवस लागले. गणितात दोन उत्तरं बरोबर कशी? पण एसक्यूएलच्या स्टँडर्डमध्येच ही गोष्ट बनवणाऱ्यावर सोडलेली आहे. डेसिमलचा इंटिजर करताना पुढचा भाग तोडायचा की जवळच्या आकड्यावर न्यायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं. एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट तोडतात. ओरॅकल, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस जवळच्या आकड्यावर नेतात.

एवढ्यावरच थांबत नाही हं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये आकडा ‘डेसिमल’ टाइपचा असला तर तो तोडतो, पण तोच आकडा ‘मनी’ टाइपचा असला तर राउंड करतो! मायएसक्यूएलला १२.७ नुसतं दिलं तर १३ येतं आणि कोट्समध्ये, म्हणजे स्ट्रिंग म्हणून दिलं तर १२ येतं, सोबत एक वॉर्निंग. पोस्टग्रेसला १२.५ ‘न्यूमरिक’ म्हणून दिलं तर १३, आणि ‘डबल प्रिसिजन’ म्हणून दिलं तर १२. कारण तिथे बरोब्बर अर्धा आला की जवळच्या सम आकड्यावर जायचं असा नियम आहे. १३.५ चे १४ होतात आणि १२.५ चे १२. अर्धे दरवेळी वरच ढकलले तर मोठ्या बेरजेत सगळा हिशोब हळूहळू वर सरकतो, म्हणून ही युक्ती. इंग्रजीत हिला बँकर्स राउंडिंग म्हणतात.

भागाकाराची तर निराळीच तऱ्हा. ७ भागिले २ केलं तर मायएसक्यूएल आणि ओरॅकल साडेतीन म्हणतात. एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट म्हणतात ३, कारण दोन्ही आकडे इंटिजर, मग उत्तरही इंटिजर. आपण कास्ट लिहिलेलंच नसतं, तरी पॉइंटच्या पुढचं गेलेलं असतं. कुठे गेलं, कोणी नेलं, काही पत्ता नाही.

आता इथपर्यंत हा सगळा व्हायवाचा मसाला होता. एक्स्टर्नलनं विचारलं तर दोन मार्क, नाही विचारलं तर विसरा. पण गेल्या सेमिस्टरला हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागली आणि तिच्यात माझ्या रूममेटचं नाव होतं.

हॉस्टेलवाल्यांना डिफॉल्टर लिस्ट म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. सगळ्या विषयांची मिळून अटेंडन्स पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की टर्म ग्रँट होणार की नाही इथपासून प्रश्न. मग अर्ज, मग पालकांना फोन, मग एच.ओ.डी.च्या केबिनबाहेर रांग. माझी रूममेट काही लेक्चर बुडवून कॅन्टीनला कटिंग मारत बसणाऱ्यांतली नव्हे. त्या सेमिस्टरला तिची आजी आजारी होती म्हणून ती दोनदा गावी जाऊन आली, तेवढीच काय ती गैरहजेरी. ती झेडपीच्या शाळेत शिकलेली, मराठी मिडियमची. मी ‘पॉइंट’ म्हणते तिथे ती ‘दशांश चिन्ह’ म्हणते, मी ‘इंटिजर’ म्हणते तिथे ती ‘पूर्णांक’. आणि तिला सगळा हिशोब तोंडी लागतो. गावी जाण्याआधी तिनं मोजून ठेवलं होतं, इतकी लेक्चर्स गेली तरी आपण काठावर राहतो. एक जास्त गेलं तर मेलो. त्याप्रमाणे ती शेवटची एस.टी. पकडून परतही आली होती. लिस्टमध्ये तिच्या नावापुढे लिहिलेलं होतं : ७४.

“अगं, शक्यच नाही,” ती म्हणाली. रडली वगैरे नाही. तिनं वही काढली. पाच विषय. पहिल्यात ३३ पैकी २५ लेक्चर्सना ती हजर. दुसऱ्यात ३९ पैकी २९. तिसऱ्यात ३७ पैकी २८. चौथ्यात ४१ पैकी ३१. पाचव्यात ३५ पैकी २६. एकूण १८५ लेक्चर्स, त्यातली १३९ तिनं अटेंड केलेली. “एकशे पंच्याऐंशीचे पंचाहत्तर टक्के किती?” तिनं मला विचारलं आणि मी मोबाईल काढेपर्यंत उत्तरही दिलं. “एकशे अडतीस पूर्णांक पाऊण. मी एकशे एकोणचाळीसला होते. म्हणजे मी पाव लेक्चरनं वर आहे.”

पाव लेक्चर! मला हसूच आलं. पण हिशोब चोख होता. १३९ भागिले १८५ म्हणजे ७५.१३ टक्के.

ऑफिसमधल्या काकांकडे गेलो. ते बिचारे चांगले आहेत, पण त्यांचं उत्तर ठरलेलं. “बेटा, कॉम्प्युटरनं काढलंय ते. मी हातानं नाही लिहिलं.” आता इथे वाद कोणाशी घालायचा? माणसानं चूक केली तर माणसाशी बोलता येतं. कॉम्प्युटरनं काढलंय म्हटलं की विषयच संपतो. आमचा मात्र संपला नाही, कारण दोन महिन्यांपूर्वीच मी १२ आणि १३ चा तमाशा लॅबमध्ये पाहिला होता.

अटेंडन्सचं सॉफ्टवेअर बाहेरून कोणाकडून तरी करून घेतलेलं. पण रिपोर्टच्या क्वेऱ्या आमच्या डिपार्टमेंटचे एक सर बघतात. त्यांना आम्ही वही दाखवली. सरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग आकडे पडताळले, आणि मग आम्हाला शेजारी बसवून क्वेरी उघडली. चार ओळींची क्वेरी. तिच्यात प्रत्येक विषयाची टक्केवारी काढून तिथल्या तिथे तिचा इंटिजर केलेला होता. आणि मग त्या पाच इंटिजरांची सरासरी.

आता तुम्हीच करून बघा. पहिला विषय ७५.७५ टक्के, त्याचे राहिले ७५. दुसरा ७४.३५, राहिले ७४. तिसरा ७५.६७, राहिले ७५. चौथा ७५.६०, राहिले ७५. पाचवा ७४.२८, राहिले ७४. बेरीज ३७३. पाचानं भागलं तर ७४.६. आणि हा डेटाबेस तोडणाऱ्या जातीतला. इंटिजरांची सरासरी काढली तर उत्तरही इंटिजरच देणार. म्हणजे ७४.६ चे पुन्हा ७४! प्रत्येक विषयात थोडं थोडं गेलं, शेवटी सरासरीतही गेलं, आणि पाव लेक्चरनं वर असलेली मुलगी एका टक्क्यानं खाली आली. तिचं एकही लेक्चर कोणी खोटं लिहिलं नव्हतं. सगळ्या सरांनी, मॅडमनी हजेरी अगदी बरोबर घेतली होती. गेलं ते सगळं पॉइंटच्या पुढचं.

मला वाटतं, ही क्वेरी लिहिणाऱ्यानं मुद्दाम काही केलं नसणार. रिपोर्ट छान दिसावा, कॉलम आखीव यावा, ७५.७५७५७५ असलं लांबलचक शेपूट नको, म्हणून त्यानं कास्ट लिहिलं असेल. आपणही मिनी प्रोजेक्टमध्ये हेच करतो. फक्त त्यानं ते दिसण्यासाठी केलं आणि पुढच्या ओळीत त्याच छाटलेल्या आकड्यावर निकाल लावला.

सरांनी क्वेरी बदलली. टक्केवारीच काढली नाही. पाचही विषयांची हजर लेक्चर्स एकत्र केली, एकूण लेक्चर्स एकत्र केली, आणि तपासलं ते असं : हजर गुणिले १०० हे एकूण गुणिले ७५ पेक्षा कमी आहे का? भागाकार नाही, म्हणून पॉइंट नाही, म्हणून तोडणं नाही की जोडणं नाही. १३९ गुणिले १०० म्हणजे १३,९००. १८५ गुणिले ७५ म्हणजे १३,८७५. मोठं कोण? झालं. आमच्या हिचं नाव लिस्टमधून गेलं. तिच्यासोबत आणखी तीन नावं गेली. त्या तिघींना तर आपलं नाव चुकून आलंय हे माहीतही नव्हतं. एकीनं तर अर्ज लिहून, त्यात माफीबिफी मागून तयार ठेवला होता.

इथे गोष्ट गोड झाली असती. पण आमच्याच विंगमधली आणखी एक मुलगी होती. तिचा खरा आकडा निघाला ७४.६७. तिला वाटलं, आता नवा हिशोब आहे, राउंड केलं की आपले ७५ होतात. शाळेच्या नियमानं होतातच की! ती सरांकडे गेली. सर म्हणाले, “तुझ्यासाठी अर्ज करायची वाट आहे. मेडिकल असेल तर दे, मी स्वतः शिफारस करतो. पण ७४.६७ हे ७५ नाहीत. क्वेरीत मी ते ७५ करणार नाही.” ती दोन दिवस आमच्याशीही धड बोलली नाही. “तुमचं पाव लेक्चर मोजलं, माझं नाही,” म्हणाली. रात्री मी बराच वेळ यावर विचार केला. मला सर निर्दय वाटले होते. पण जी क्वेरी माझ्या रूममेटला खाली तोडते ती चूक असेल, तर जी क्वेरी कोणाला वर उचलते तीही तेवढीच चूक, नाही का? सूट द्यायची तर माणसानं सही करून द्यावी. कास्टच्या आडून नको. तिच्या अर्जावर पुढे सरांची शिफारस आली आणि तिची टर्म ग्रँट झाली, हे सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा!

मग मला या विषयाचा नादच लागला. लायब्ररी आणि हॉस्टेलचं वाय-फाय यांच्या कृपेनं जे वाचलं त्यात दोन गोष्टी अशा सापडल्या की आमची डिफॉल्टर लिस्ट त्यांच्यापुढे काहीच नाही.

पहिली जर्मनीतली. तिथे श्लेस्विग-होल्स्टाइन नावाचं एक राज्य आहे. तिथला नियम असा की साधारणपणे पाच टक्के मतं मिळाल्याशिवाय पक्षाला विधानसभेत जागा नाही. ५ एप्रिल १९९२ ला निवडणूक झाली. ग्रीन पक्षापुढे आकडा आला ५.० टक्के. म्हणजे पोचले! जागा जाहीर झाल्या. रात्री उशिरा कोणाच्या तरी लक्षात आलं की खरी टक्केवारी ४.९७ आहे. प्रोग्राम पॉइंटच्या पुढे एकच आकडा छापत होता आणि छापताना राउंड करत होता. ग्रीन पक्षाच्या जागा गेल्या, आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला एका जागेनं बहुमत मिळालं. आमच्या विंगमधल्या मुलीचं ७४.६७ आणि त्यांचं ४.९७... एकाच माळेचे मणी. फरक एवढाच की तिथे सरकार कोणाचं हा प्रश्न होता.

दुसरी कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराची. तिथे जानेवारी १९८२ मध्ये नवा निर्देशांक सुरू केला, १००० पासून. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्यानं काढायचा आणि पॉइंटच्या पुढे तीन आकडे ठेवून बाकीचे तोडायचे. राउंड नाही, तोडायचे. एका वेळी जाऊन जाऊन किती जाणार? हजारावा भागसुद्धा नाही. पण दिवसाला हजारो वेळा जात होतं, आणि दरवेळी खालीच. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ च्या आसपास आला. शेअर्स काही तेवढे पडले नव्हते. हिशोब नीट केला तेव्हा खरा आकडा निघाला १०९८.८९२. निम्म्याहून जास्त निर्देशांक पॉइंटच्या चौथ्या आकड्यानं खाल्ला होता!

हे सगळं मी फोनवर आजोबांना सांगत होते. माझे आजोबा कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, पण हिशोब म्हटला की त्यांचे डोळे चमकतात. ते म्हणाले, “बाळा, हे आम्ही सत्तावन्न सालीच पाहिलंय.” आणि मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डीबीएमसच्या पुस्तकातही नाही.

१ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे. नंतर रुपयाचे शंभर नये पैसे. म्हणजे एका आण्याचे किती? सव्वासहा. आता पाव पैसा कुठून आणायचा? म्हणून सरकारनं तक्ता दिला. एक आणा म्हणजे ६ नये पैसे. दोन आणे म्हणजे साडेबारा, पण द्यायचे १२. तीन आणे म्हणजे पावणेएकोणीस, द्यायचे १९. चार आणे म्हणजे बरोब्बर २५. अर्धा पैसा आला तर तो सोडून द्यायचा असा नियम होता. माझ्या शाळेत अर्धा वर जायचा, इथे कायद्यानं खाली!

आता यातली गंमत बघा. एक-एक आण्याच्या वस्तू चार वेळा वेगवेगळ्या घेतल्या तर सहा चोक चोवीस. एकदम घेतल्या तर चार आणे, म्हणजे पंचवीस. आणि तीन-तीन आण्यांच्या चार वेळा घेतल्या तर एकोणीस चोक शहात्तर, एकदम घेतल्या तर बारा आणे, म्हणजे पंचाहत्तर. आजोबा तेव्हा शाळेत होते, पण दुकानात पाठवल्यावर काय सुटं घ्यायचं आणि काय एकदम, हे त्यांना पाठ झालं होतं म्हणे. अहो, हीच तर आमची क्वेरी! आधी प्रत्येकाला गोल करून मग बेरीज केली की एक उत्तर, आधी बेरीज करून मग गोल केलं की दुसरं. आमच्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच उलटं झालं होतं.

आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे पाढेच होते. साडेतीनचासुद्धा पाढा होता, औटकी. माझी रूममेट तिच्या आजीकडून यातले काही शिकली आहे. आम्ही कॉन्व्हेंटवाले ‘टू वन्झा टू’वर वाढलो, आमच्या पाढ्यांत अपूर्णांक नव्हताच. मी काही ‘आमच्या वेळी’ वगैरे म्हणणार नाही, माझं वयच काय! पण ज्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना स्वतःची नावं आहेत, त्या भाषेत मोजणारी माणसं पॉइंटच्या पुढचं इतक्या सहज फेकत नसावीत असं मला वाटून गेलं. पाव लेक्चर या शब्दाला मी हसले होते, पण तो मोजायला तिच्याकडे शब्द होता. माझ्याकडे नुसतंच ०.२५.

आता थोडं आपल्या मेसबद्दल, नाहीतर हॉस्टेलवाले म्हणतील लेख पूर्ण झालाच नाही. समजा महिन्याचा खर्च आला २,१३,५०० रुपये आणि मुली ७८. प्रत्येकीचे होतात २७३७.१७. फ्लोअर लावलं तर २७३७, आणि मेसला १४ रुपये कमी पडतात. राउंड लावलं तरी तेच. सीलिंग लावलं तर २७३८, आणि ६४ रुपये जास्त जमा होतात. आता हे १४ किंवा ६४ कोणाचे? क्वेरीला विचारलं तर ती काही सांगत नाही. आमच्या मेस सेक्रेटरीनं यावर छान तोडगा काढला आहे. ती सीलिंग लावते, आणि जास्तीचे पैसे पुढच्या महिन्याच्या खर्चात ‘मागील शिल्लक’ म्हणून दाखवते. नोटीस बोर्डावर, सगळ्यांना दिसेल असं. सॉफ्टवेअरमध्ये त्या शिल्लकीला एक कॉलम लागतो, एवढंच. पण तो कॉलम असला की महिन्याच्या शेवटी कोणी कोणाकडे संशयानं बघत नाही.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट कळली. डेसिमलचा इंटिजर करताना काहीतरी जातं किंवा काहीतरी फुकट मिळतं, आणि ते कोणाचं जाणार, कोणाला मिळणार हे ठरवणारा माणूस म्हणजे क्वेरी लिहिणारा. मग तो वीस वर्षांचा, रात्री दीड वाजता सबमिशनच्या टेन्शनमध्ये बसलेला का असेना! तुमच्यामाझ्यातलेच कित्येक जण उद्या पगाराच्या, लाइटबिलाच्या, निकालाच्या क्वेऱ्या लिहिणार आहेत. समोर १३९ लेक्चर्स मोजून एस.टी. पकडणारी कोणी आहे हे स्क्रीनवर दिसत नाही.

म्हणून ज्युनियर्ससाठी चार गोष्टी, जर्नलच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. एक, मूळ आकडे जपा. टेबलमध्ये टक्केवारी नको, हजर किती आणि एकूण किती ते ठेवा. पैसे असतील तर ‘डेसिमल’मध्ये ठेवा, ‘फ्लोट’मध्ये नको. दोन, इंटिजर करायचाच तर सगळ्यात शेवटी, छापण्याच्या वेळी करा. निकाल आधीच्या खऱ्या आकड्यावर लावा. तीन, नुसतं कास्ट लिहून डेटाबेसच्या मर्जीवर सोडू नका. खाली जायचं तर फ्लोअर, वर जायचं तर सीलिंग, जवळ जायचं तर राउंड असं स्पष्ट लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला तुमचा निर्णय दिसेल. आणि राउंड केलं म्हणजे टाइप बदलला असं नव्हे. एसक्यूएल सर्व्हर १२.७ राउंड करून १३.० देतो. राउंड आधी, कास्ट नंतर. चार, वजा आकडे तपासून बघा. वजा १२.७ तोडलं तर वजा १२ येतं, फ्लोअर केलं तर वजा १३. कोणाचं देणं बाकी असेल तर हा एक रुपया तुम्हाला फार महागात पडेल.

आणि हो, व्हायवाला एक्स्टर्नलनं विचारलं की १२.७ चा इंटिजर किती, तर घाईघाईनं बारा किंवा तेरा म्हणू नका. आधी विचारा, “सर, कुठल्या डेटाबेसमध्ये?” आमच्या बॅचमधल्या एकानं विचारलं होतं. एक्स्टर्नल हसले आणि पुढचा प्रश्न फार सोपा विचारला म्हणे.